सोलापूर विमानतळ: भूपृष्ठ वाहतूक
सोलापूर विमानतळ शहरालगत होटगी रस्त्यावर असून तेथे रिक्षा, टॅक्सी वा खाजगी वाहनाने जाता येते. नियमित विमानसेवेअभावी सोलापूरकरांचा विमानप्रवास दीर्घकाळ रेल्वे स्थानकातूनच सुरू होत असे. सुमारे २५० किमीवरील पुण्याचे लोहगाव किंवा सुमारे ३०० किमीवरील हैदराबादचे शमशाबाद विमानतळ रेल्वेने वा राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून गाठावे लागे. पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीच निघावे लागे. पुणे स्थानकावर उतरल्यावरही लोहगावसाठी पुन्हा रिक्षा किंवा बस आलीच. उड्डाणमार्गातील अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. परदेशी जाणाऱ्यांना मात्र आजही बहुधा आधी रेल्वे वा महामार्गच धरावा लागतो.