‘पुल द प्लग’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ व उपयोग

चालू असलेले काम, योजना वा कार्यक्रम अधिकाराने बंद करणे, या अर्थी इंग्रजीत ‘पुल द प्लग’ हा वाक्प्रचार योजला जातो. आजच्या वाचकास त्यात विजेचा प्लग दिसतो. कोशकार मात्र त्याचे मूळ जुन्या पद्धतीच्या शौचकूपात दाखवितात. तेथील बूच ओढले की भांडे रिकामे होत असे. (हे मूळ वर्गात सांगितले की वाक्प्रचार सहसा विसरला जात नाही.)

थांबवावयाची गोष्ट आधीपासून चालू असणे आणि थांबविणाऱ्याच्या हाती तिचा निधी वा सत्ता असणे, हे येथे गृहीत असते. टेक्सासमधील ‘सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर’ हा प्रकल्प बांधकाम सुरू असताना अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये रद्द केला. तेथे हा प्रयोग चपखल ठरतो. आरंभीच खुडून टाकण्यासाठी ‘निप इन द बड’ आहे. मराठीत ‘गाशा गुंडाळणे’ हे स्वतःच्याच कामाविषयी बोलले जाते. ‘बासनात गुंडाळणे’ अधिक जवळचे. परंतु बासन पुन्हा सोडता येते.

खरी अडचण वैद्यकीय संदर्भात येते. कृत्रिम श्वसनयंत्र काढण्यासही हाच वाक्प्रचार वापरतात आणि त्यातून तत्काळ मृत्यू सूचित होतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या निर्णयानंतर कॅरेन अ‍ॅन क्विनलन यांचे श्वसनयंत्र काढण्यात आले. तरीही त्या स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबाबत तर हा शब्दप्रयोग मुळातच गैरलागू होता. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणास खिळल्या होत्या. पण श्वसनयंत्रावर नव्हत्या. रुग्णालयातील परिचारिका त्यांना मऊ अन्न भरवीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालात जीवरक्षक उपचार काढून घेण्यास काही अटींवर मान्यता दिली. शानबाग यांचे निधन २०१५ मध्ये न्यूमोनियाने झाले.

म्हणून अशा मजकुराचा अनुवाद करताना ‘प्लग काढणे’ किंवा ‘जीवनयात्रा संपविणे’ यांपैकी काहीही लिहू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘श्वसनयंत्र काढणे’, ‘कृत्रिम आहार थांबविणे’ असे जे प्रत्यक्षात घडले असेल, तेच लिहावे.