देवनागरी फलक आणि वाचनाचे अंतर

व्याख्यानमाला, कीर्तनसप्ताह, रक्तदान शिबिर अशा सार्वजनिक कार्यक्रमांना उपस्थिती अल्प असली की दोष बहुधा लोकांच्या अनास्थेस दिला जातो. रस्त्यावरील फलक वाचता येत होता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये सिद्ध केलेल्या दृष्टिपरीक्षेच्या तक्त्यात असे गृहीत आहे की, पाच कलांचा कोन व्यापणारे अक्षर निर्दोष डोळ्यास ओळखता येते. या हिशेबाने ३० मीटरवरून सुमारे साडेचार सेंटिमीटर उंचीचे अक्षर पुरावे. परंतु ही दृष्टीची परिसीमा झाली. वृद्ध अथवा घाईतील वाचकासाठी दर दहा फुटांस एक इंच हा व्यवहारातील ठोकताळा अधिक भरवशाचा होय. त्याप्रमाणे त्याच अंतरास २५ सेंटिमीटर लागतात.

हा ठोकताळा मात्र रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत ओळीची उंची २५ सेंटिमीटर ठेविली, तरी वर वेलांटी व रफार आणि खाली उकार यांना जागा दिल्यावर मूळ अक्षरास पुष्कळ कमी उंची उरते. यासाठी माप शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतच घ्यावे. घ-ध, भ-म यांतील भेद तर एखाद्या लहानशा वळणावर अवलंबून असतो. अंकांत १ व ९ यांची गफलत विशेष नडते. १९ तारीख ११ अशी वाचणारा मनुष्य आठ दिवस आधी येऊन रिकामे पटांगण पाहून परततो! तारखेसोबत वार लिहिल्यास हा घोटाळा टळतो, कारण एकाच महिन्यातील या दोन तारखांचा वार कधीही एक नसतो.

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनातून ३० मीटरचे अंतर तीन सेकंदांत सरते. तेवढ्यात कार्यक्रम, वार, वेळ व स्थळ एवढेच वाचले जाते; शुभेच्छुकांच्या छायाचित्रांनी ती जागा व्यापावी हे उफराटेच म्हणावयाचे. फलक रस्त्यास समांतर न लावता आडवा, येणाऱ्यास सन्मुख लावावा. साठ अंशांच्या तिरकसपणाने अक्षराची दृश्य रुंदी निम्मी होते. संधिप्रकाशात लाल रंग काळवंडतो. म्हणून काळ्या वा निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे योजू नयेत.

महाराष्ट्रात सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागी फलक लावण्यास १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्यान्वये स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडास खिळे ठोकू नयेत, आणि कार्यक्रम संपताच फलक उतरवावा.