खुरिबग्याचा स्फुरद

नत्र हवेतून काढता येतो. हाबर आणि बॉश यांनी शंभर वर्षांपूर्वी ते करून दाखवलं आणि थळच्या कारखान्यातला युरियाही त्याच वाटेनं तयार होतो. स्फुरदाला अशी वाट नाही. तो जमिनीतून खणावाच लागतो आणि त्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. पेशीत ऊर्जा वाहणारा रेणू असो की बियाण्यातला डीएनए, स्फुरदाशिवाय तो घडत नाही. म्हणून ज्याच्या जमिनीत स्फुरद आहे, त्याच्या दाराशी शेतीप्रधान देशांना जावंच लागतं. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्कोच्या नावावर मांडले जातात. त्या साऱ्याचा कारभार एकच संस्था पाहते. तिचं मूळ नाव ‘ऑफिस शेरिफियन दे फॉस्फात’. बाजार तिला ओसीपी म्हणतो.

कासाब्लांकाच्या आग्नेयेला खुरिबग्याचं कोरडं पठार आहे. साधारण सात ते पाच कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर जीवसृष्टी माजली, मेली आणि तळाशी साचत गेली. चुनखडीच्या थरांमध्ये फॉस्फेटचे, म्हणजे स्फुरदाच्या खनिजाचे, फिकट, वाळूसारखे थर त्यातूनच तयार झाले. शार्क माशांचे दात तर या खाणींत सर्रास सापडतात. हत्तीच्या वंशातला आजवरचा सर्वांत जुना ज्ञात प्राणी, एरिथेरियम, याच भागातला. तो सहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि आकारानं जेमतेम कोल्ह्याएवढा होता. आपण पिकाला घालतो ते खत मुळात या समुद्राची हाडं आणि विष्ठा आहे.

संस्था स्थापन झाली ऑगस्ट १९२० मध्ये. तेव्हा मोरोक्को फ्रेंच संरक्षणाखाली होता. फॉस्फेट खासगी कंपन्यांना वाटून न देता राज्याची मक्तेदारी म्हणून ठेवायचं ठरलं आणि १९२१ मध्ये खणायला सुरुवात झाली. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा खाणी तुकड्यातुकड्यांनी सोडवून घ्याव्या लागल्या नाहीत. संस्था अखंड हाती आली. १९७४ मध्ये मोरोक्कोनं फॉस्फेटच्या दगडाचे भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढवले, तेही या एकहाती कारभाराच्या बळावरच.

पण नुसता दगड विकणाऱ्याला नफ्याचा लहान वाटा मिळतो. हा दगड पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक जमिनींत मुळांना तो तसाच उपयोगी पडत नाही. त्यावर गंधकाम्ल घालायचं की फॉस्फोरिक आम्ल सुटतं. त्या आम्लात अमोनिया मिसळला की डीएपी हे खत होतं. १९६५ मध्ये साफी इथे आणि १९८६ पासून अटलांटिककाठच्या जोर्फ लासफर इथे ओसीपीनं हे स्वतः करायला घेतलं. मोरोक्कोत गंधक नाही, अमोनियासाठी लागणारा वायूही पुरेसा नाही. दोन्ही जहाजांतून येतात. तरीही हा व्यवहार परवडतो, कारण ज्याला पर्याय नाही तो पदार्थ त्यांच्याकडे आहे.

खाणीपासून बंदरापर्यंतची वाहतूक मला सगळ्यात विलक्षण वाटते. पूर्वी खुरिबग्याला धुतलेला दगड भट्टीत वाळवायचे, मालगाडीत भरायचे आणि कारखान्यात नेऊन पुन्हा ओला करायचे. इंधन वाळवण्यातही जायचं आणि ओढण्यातही. २०१४ मध्ये १८७ किलोमीटरची मुख्य नळवाहिनी सुरू झाली. आता दगडाचा चुरा पाण्यात कालवून, दाट रबडी करून, पठारावरून समुद्राकडे बहुतांशी उताराच्या जोरावर सोडतात. वाहिनीची क्षमता वर्षाला ३ कोटी ८० लाख टनांची आहे. रबडीतलं पाणी कारखान्यात पुन्हा कामी येतं. सतत दुष्काळ सोसणाऱ्या देशात ही बचत मोठीच म्हणायला हवी.

आता दुसरी बाजू. फॉस्फोरिक आम्लातल्या दर टन स्फुरदामागे (खताच्या हिशेबात स्फुरद म्हणजे त्याचं ऑक्साइड, P₂O₅) सुमारे पाच टन जिप्सम मागे उरतं आणि त्यात दगडातली जड मूलद्रव्यं आणि किंचित किरणोत्सारही उतरतो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतो. म्हणजे गोणीमागे शंभर किलोंहून जास्त जिप्सम. जोर्फ लासफरचं जिप्सम वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं गेलं. शिवाय या दगडात कॅडमियम असतं. त्यावर २०२२ पासून युरोपीय संघानं खतांत किलोभर स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा लागू केली.

आणि बुक्रा. ही खाण मोरोक्कोत नाही, पश्चिम सहारात आहे. १९७५-७६ मध्ये स्पेननं तिथून पाय काढला आणि मोरोक्कोनं ताबा घेतला. तिथला दगड सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून वाळवंट ओलांडून किनाऱ्यावर जातो. त्या भूमीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१७ मध्ये तिथला माल न्यूझीलंडला नेणारं जहाज दक्षिण आफ्रिकेत अडवलं गेलं आणि माल पश्चिम सहारातल्या सहारवी लोकांच्या प्रजासत्ताकाचा आहे, असं दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयानं २०१८ मध्ये ठरवलं. संस्थेच्या उत्पादनात या खाणीचा वाटा लहान आहे, म्हणून तिचा उल्लेख टाळणं मला पटत नाही.

आपला संबंध थेट आहे. जोर्फ लासफरमध्ये चंबळ फर्टिलायझर्स, टाटा केमिकल्स आणि ओसीपी यांचा भागीदारीतला आम्लाचा कारखाना आहे. ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्समध्येही ओसीपीची गुंतवणूक आहे आणि याच कंपनीनं २०२२ मध्ये गोव्यातला झुआरीचा खत कारखाना घेतला. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या शेतकऱ्याच्या घरात या कारखान्याच्या ‘जय किसान’ खताची गोणी येते, त्याचं खुरिबग्याशी नातं आधीच जुळलेलं आहे.

मात्र इतक्या लांबून आणलेला स्फुरद आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत गेला की त्याचा बराचसा भाग चुन्याशी बांधला जातो. घातलेल्यातला पाचवा हिस्सादेखील पहिल्या हंगामात पिकाला मिळतोच असं नाही. खत फोकून दिलं तर बांधला जाणारा भाग आणखी वाढतो. म्हणून पेरताना दोन चाड्यांची पाभर वापरायची. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियाण्याच्या थोडं खाली, बाजूला. बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक चोळायचं. पेरणीआधी माती परीक्षण केलेलं असलं, तर जमिनीत मुळात किती स्फुरद आहे आणि किती गोण्या खरंच लागतील, हेही कळतं.