पांढऱ्या पुडीत अडकलेला स्क्रू

अकोल्याच्या एका स्नेह्यांकडे एम.जी.बी. ही जुनी ब्रिटिश मोटार आहे. उघड्या टपाची, दोन माणसांची ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. स्नेह्यांची गाडी मधली काही वर्षे दर्यापूरकडच्या एका वाड्यात उभी होती आणि तेथल्या विंधनविहिरीच्या पाण्याने धुतली जात होती. तिच्या पुढच्या काचेची चौकट खोलायचे ठरले, तेव्हा आम्ही अमरावतीहून मुद्दाम पाहायला गेलो.

चौकट ॲल्युमिनियमची, पण तिचे भाग कोपऱ्यांत जोडणारे स्क्रू पोलादाचे. मिस्त्रींनी जोर लावला, स्क्रू हलेना. डोक्याभोवती पांढरी पूड साठलेली. "सर, गंज त दिसत नाही. मंग हा चुना कोठून आला?" त्यांनी विचारले.

चुना समजणे चूक नव्हते. जड पाणी वाळले की तसाच थर उरतो. म्हणून खरवडलेली पूड काचपट्टीवर घेऊन तीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. पाण्याने सोडलेला चुनखडीचा थर असता तर फसफसला असता. ही पूड फसफसली नाही. ती ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडची होती.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोन्ही खाऱ्या पाण्याने भिजले, की विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागते. ते इलेक्ट्रॉन पोलादाकडे जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. पोलाद वाचते, म्हणून मिस्त्रींना गंज दिसला नाही. एरवी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तो त्याचे रक्षण करतो. परंतु क्लोराइड आयन हा पापुद्रा जागोजागी फोडतात. दर्यापूरचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजलच खारे आहे. गाडी धुऊन पुसली तरी आट्यांच्या फटीतले पाणी राहतेच, आणि ते आटत गेले की अधिकच खारे होते.

मग स्क्रू अडकला कशाने? गणित करून पाहू. २७ ग्रॅम ॲल्युमिनियमचे आकारमान १० घन सेंटीमीटर. त्यापासून ७८ ग्रॅम हायड्रॉक्साइड होते. त्याची घनता २.४ धरली तर आकारमान ३२ घन सेंटीमीटरपेक्षा थोडे जास्तच. म्हणजे तिपटीहून अधिक! फटीत तेवढी जागा कुठली? पूड आट्यांमध्ये ठासून बसते आणि स्क्रूला आवळते.

वर्गात हे पाहायचे असेल तर पोलादाऐवजी तांबे घ्यावे, परिणाम लवकर दिसतो. मिठाच्या पाण्याच्या एका ग्लासात नुसती ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा, दुसऱ्यात तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. काही दिवसांत तारेजवळ खळगे आणि पांढरी पूड दिसू लागेल. पट्टी व तार वेगळ्या ठेवून मल्टिमीटर जोडला तर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो.

पुन्हा चौकटीकडे. मिस्त्रींचा हात ब्लो-लॅम्पकडे गेला, तेव्हा आम्ही घाईने अडवले. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. काच आणि रबर काढून गरम हवेने चौकट तापवली. तापमान १०० अंशांनी वाढले तर ५ मिलिमीटरचे छिद्र त्यातल्या पोलादी स्क्रूपेक्षा सुमारे साडेपाच मायक्रॉननेच जास्त रुंदावते. हे फार नाही, पण पूड भेगाळायला आणि तेल आत शिरायला पुरेसे. तापवणे, तेल सोडणे, हलके ठोके देणे आणि थांबणे, यात दोन दिवस गेले. तरी एक स्क्रू तुटलाच. तो ड्रिलने काढावा लागला, आणि ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे घसरते. छिद्र बिघडले असते तर ती चौकट पुन्हा कुठून आणायची?

नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, असे स्नेह्यांचे मत. ते गंजणार नाहीत हे खरे, पण गॅल्व्हानिक श्रेणीत स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमपासून साध्या पोलादापेक्षाही दूर आहे. नुसते बसवले तर चौकटीचे हाल वाढू शकतात. येथे ब्रिटिश आरमाराच्या 'अलार्म' जहाजाची गोष्ट आठवते. १७६१ मध्ये त्याच्या तळाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता. दोन वर्षांनी पाहिले तर बरेच खिळे गंजून गेलेले; जेथे पत्र्याचे वेष्टनाचे तपकिरी कागद चुकून खिळ्याखाली राहिले होते, तेथले मात्र शाबूत! तेथे झिजण्याची पाळी लोखंडावर होती, येथे ॲल्युमिनियमवर आहे. पण दोन धातूंमध्ये काहीतरी घालायचे, हा उपाय तोच.

मिस्त्रींनी स्क्रूच्या डोक्यांखाली नायलॉनचे वॉशर घातले आणि आट्यांना पाणी अडवणारी पेस्ट लावली. गाडी आता अकोल्यातच राहणार आहे. धुण्यासाठी स्नेह्यांनी छपराचे पावसाचे पाणी साठवायला टाकी बसवली आहे.