ताप उतरला, बळ परतायचे आहे

एप्रिल २०२१ मध्ये देशभर प्राणवायूसाठी धावाधाव सुरू असताना नंदुरबार जिल्हा बऱ्याच अंशी सावरलेला होता. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने येथे २०२० मध्येच प्राणवायू निर्मितीचा प्रकल्प उभा राहिला होता. मात्र प्राण वाचणे आणि प्रकृती पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोविडची लागण होऊन साधारण तीन महिने उलटले, तरी थकवा, दम लागणे, विसरभोळेपणा अशी लक्षणे किमान दोन महिने टिकून आहेत आणि त्यांना दुसरे कारण सापडत नाही, अशा अवस्थेची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. यालाच आपण ‘लाँग कोविड’ म्हणतो. मूळ आजार सौम्य असला तरी हा त्रास होऊ शकतो. म्हणून ‘आता वय झाले’ किंवा ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून घरातील ज्येष्ठांची बोळवण करू नये.

या आजारातील थकवा साध्या दमणुकीसारखा नसतो. आज अधिक श्रम केले, तर त्याचा फटका कित्येकदा उद्या किंवा परवा बसतो. उन्हाळ्यातील विहिरीचे पाणी पाझर पाहूनच उपसावे लागते. शक्तीचेही तसेच आहे. कोणत्या कामानंतर त्रास वाढतो याची आठवडाभर वहीत नोंद ठेवावी. स्नान स्टुलावर बसून करावे, भाजीही बसून निवडावी. दमण्यापूर्वीच थांबावे. बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सारी कामे उरकण्याचा मोह टाळावा. चालल्यानंतर दोन दिवस त्रास झाला नाही, तरच अंतर थोडे वाढवावे. धडगाव-अक्कलकुव्याच्या चढावर राहणाऱ्यांनी आरंभी सपाट जागीच चालावे.

दम लागल्यास खुर्चीत पुढे झुकून हात मांड्यांवर टेकवावेत. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडावा. खोकला असणाऱ्यांनी चुलीचा धूर आणि मिरचीच्या पथारीवरील खकाणा यांपासून दूर राहावे.

तथापि प्रत्येक तक्रार कोविडच्या माथी मारणे धोक्याचे आहे. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, हृदयविकार यांमुळेही थकवा येतो. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी. शासकीय आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते. छातीत दुखणे, एका पायाला अचानक सूज, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे किंवा ऑक्सिमीटरवर ९२ अथवा त्याहून कमी आकडा दिसणे, यांपैकी काही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

या व्याधीवर रामबाण औषध अद्याप नाही. त्यामुळे ‘शक्तीचे’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या बाटल्यांवर पैसे दवडू नयेत. बहुतेकांना हळूहळू उतार पडतो, पण त्यास काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘अजून बरे कसे नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणते काम मी करू?’ असे विचारावे. पुढील तपासणीस येताना ती वही मात्र सोबत आणावी. उपचाराची दिशा ठरवताना तिचा डॉक्टरांना मोठा उपयोग होतो.