फोनचा रिसिव्हर उचला, भोपाळ ऐका

भोपाळच्या करोंद भागातलं 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय छोटंसं आहे. भव्य शिल्प वगैरे काही नाही. वायुगळतीतून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी डिसेंबर 2014 मध्ये ते उभारलं. सरकार आणि कंपन्यांच्या पैशाला तिथे मज्जाव!

भिंतीवरच्या फोनचा रिसिव्हर उचलला की वाचलेल्यांचे आवाज कानी पडतात. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू वस्त्यांमध्ये पसरला, तेव्हा काय घडलं ते त्यांच्याच तोंडून. गेलेल्या माणसांचे कपडे आणि रोजच्या वापरातल्या वस्तूही कुटुंबांनी जपून इथे दिल्या आहेत.

पण खरी मोलाची आहे ती पुढची गोष्ट: सावरण्याची आणि भांडण्याची. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या लढ्यातल्याच. 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाल्यावर त्या पैशातून त्यांनी 'चिंगारी ट्रस्ट' काढला. अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथे मोफत उपचार होतात. कारखान्यातला सुमारे 337 टन विषारी कचरा मात्र हलायला जानेवारी 2025 उजाडावा लागला.

सांची, भीमबेटका पाहायला जाणाऱ्यांनी इथेही तासभर द्यावा. निघण्याआधी संग्रहालय उघडं असण्याची वेळ तेवढी विचारून घ्या.