दिलेला अधिकार परत घेताना

बँकेच्या खिडकीशी आपण खाते क्रमांक सांगतो आणि पलीकडचा कारकून पडद्यावर आपली शिल्लक पाहतो. पाहतो खरा, पण मनात येईल तसा आकडा त्याला बदलता येऊ नये. म्हणून संगणकातल्या माहितीसाठ्याला, म्हणजे डेटाबेसला, आधीच सांगून ठेवावे लागते : अमुक तक्ता कोणी नुसता वाचायचा, कोणी त्यात नवी नोंद करायची, जुनी कोणी पुसायची.

माहिती तक्त्यांत मांडण्याची ही रीत आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सुचवली. त्याच कंपनीतील पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये अधिकारांची व्यवस्था लिहून काढली. दोन आज्ञा : ‘ग्रँट’ म्हणजे देणे, ‘रिव्होक’ म्हणजे काढून घेणे.

देणे सोपे हो! पण समजा, साहेबांनी सुधाताईंना तक्ता पाहण्याचा अधिकार दिला, पुढे दुसऱ्याला देण्याच्या मुभेसह. त्यांनी तो गणपतरावांना दिला. आता साहेबांनी सुधाताईंचा अधिकार काढला, तर गणपतरावांचे काय? त्यांचाही जातो; मात्र आणखी कोणी तो त्यांना स्वतंत्रपणे दिला असेल तर राहतो. आणि गणपतरावांनी तोच अधिकार उलट सुधाताईंना देऊन ठेवला असेल तर? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील! यावर तोड अशी, की प्रत्येक देण्याची वेळ नोंदवायची. नंतर मिळालेल्या अधिकाराच्या जोरावर आधीचे देणे टिकत नाही. साखळी तुटते.

शेकडो कर्मचारी असले की हा हिशेब माणसागणिक ठेवणे अशक्यच. तेव्हा अधिकार माणसाला न देता पदाला द्यायचे, आणि माणसाला ते पद. यालाच ‘रोल’ म्हणतात. एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात तो आला. लोकप्रिय मायएसक्यूएलमध्ये यायला मात्र २०१८ उजाडले. आपल्या कचेऱ्यांत ‘चार्ज’ देतात-घेतात, तसेच हे.

फरक इतकाच, की कचेरीत जुना चार्ज सोडल्याची सही होते. इथे कर्ज विभागातून ठेव विभागात गेलेल्याला नवा रोल मिळतो, आणि जुना कोणी मुद्दाम काढला नाही तर तसाच राहतो. संगणक तक्रार करीत नाही, कर्मचारी तर नाहीच नाही. कर्जदारांचे कागद त्याला पूर्वीइतकेच उघडे राहतात.